फेडरमधले दोन तांदूळ

विलायतेतल्या मेडनहेड गावच्या गणपती उत्सवात एक काका दरवर्षी माझी ओळख करून देतात, "हे आपले माईकवाले." माझ्या शेजारी उभा असलेला कुणी बँकेत असतो, कुणी ब्रॅकनेलच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या ओळखीला दोन-दोन मिनिटं लागतात, माझी दोन शब्दांत आटोपते. माझ्या बायकोला, सुवर्णाला, ते लागतं. परतताना गाडीत ती म्हणते, "साउंड इंजिनिअर म्हणून सांगत जा ना रे." मी हो म्हणतो, आणि पुढच्या वर्षी काका पुन्हा माईकवालेच म्हणतात. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. परभणी जिल्ह्यात सेलूला माझ्या वडिलांना सगळं गाव माईकवाले आण्णा म्हणायचं.

आण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि तारांची तीन वेटोळी एवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. लग्न, सप्ताह, जयंती, निवडणूक, कार्यक्रम कशाचाही असो, सायकलच्या कॅरिअरला कर्णा बांधून ते निघायचे. मी घराण्यातला पहिला पदवीधर. नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी फॉर्म भरण्यापासून वसतिगृहात गादी पोचवण्यापर्यंत सगळं केलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. माझ्या फीमाफीच्या अर्जावर ज्या साहेबांनी सही केली त्यांना मी कधी पाहिलंही नाही, पण त्यांचेही विसरलेलो नाही. पुढे पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो आणि कंपनीने ब्रॅकनेलला पाठवलं. आण्णांची इच्छा एवढीच होती की मुलाला पुन्हा तार गुंडाळावी लागू नये. आज मी कार्डिफमध्ये राहतो आणि जवळजवळ रोज तार गुंडाळतो.

ज्या गायिकेचा आणि तिच्या बँडचा आवाज मी सांभाळतो तिचं नाव नेरिस. कार्डिफच्या वर डोंगरदऱ्यांत कोळशाच्या खाणींची जुनी गावं आहेत, त्यातल्या एका गावची. वडील बस चालवायचे, ती स्वतः कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरीला होती. बँडचं नाव 'वेट कोट्स', म्हणजे ओले कोट. पहिल्या तालमीला सगळे पावसात भिजून आले आणि हीटरवर कोट वाळत घालून गायला बसले, तेव्हापासून ते नाव पडलं. त्यांच्या गाण्याला ऑल्टरनेटिव्ह कंट्री म्हणतात. कंट्री म्हणजे मूळ अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गाणं: घर सुटलेलं, माणूस सोडून गेलेला, लांबचा रस्ता. त्याला पुढे बराच चकचकीतपणा आला, झालरीचे कोट आले. ज्यांना तो चकचकीतपणा नको होता त्यांनी तेच गाणं साध्या कपड्यांत, थोडं खरखरीत ठेवून म्हणायला सुरुवात केली. आमच्या नेरिसच्या गाण्यांत अमेरिका नाही. बंद पडलेली खाण आहे, आईचा दवाखाना आहे, डोंगरावरून जाणारी शेवटची बस आहे.

या बँडशी माझी गाठ मी ब्रॅकनेलला असतानाच पडली. ऑफिसच्या मंडळींबरोबर एका पबमध्ये जेवायला गेलो होतो. कोपऱ्यात नेरिस गात होती आणि दर मिनिटाला स्पीकरमधून शिट्टी वाजत होती. ही शिट्टी सगळ्यांनी कधीतरी ऐकलेली असते. माईकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा बाहेर, असा तो स्वतःभोवती गरगरत राहिला की किंचाळतो. माझ्यासमोर चिप्स निवत होते. आण्णांच्या मुलाला ती शिट्टी ऐकून बसवेना. मी उठलो, कुणाला न विचारता स्पीकर उचलला आणि दोन हात पुढे नेऊन तिरका ठेवला. शिट्टी थांबली. नेरिस गाणं संपवून माईकमध्ये म्हणाली, "हे ज्याने केलं त्याने घरी जाऊ नये."

मी गेलो नाही. व्हिसा नोकरीचा होता, म्हणून पुढची काही वर्षं एक पौंड न घेता शनिवार-रविवारी छंद म्हणून जात राहिलो. कायम राहण्याचा परवाना मिळाला, सुवर्णाला कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली, आम्ही तिकडे हललो आणि मी सॉफ्टवेअर सोडलं. आण्णांना हे सांगायला मला सहा महिने लागले. फोनवर ते फक्त "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर बराच काळ ते मला फक्त हवामान विचारायचे. या कामाने मला पुष्कळ दिलं, पण तो "बरं" अजून कानात आहे.

आता कामाविषयी. माझ्यासमोर एक टेबलाएवढा मिक्सर असतो. स्टेजवरच्या प्रत्येक माईकची आणि वाद्याची तार त्यात येते. प्रत्येकासाठी वरखाली सरकवायचं एक बटण असतं, त्याला फेडर म्हणतात. वर सरकवला की तो आवाज मोठा, खाली घेतला की लहान. कुठला फेडर कुणाचा हे कळावं म्हणून खाली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नावं लिहायची. मी देवनागरीत लिहितो, त्यामुळे दुसरं कुणी माझ्या मिक्सरला हात लावत नाही. याशिवाय गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक छोटा स्पीकर असतो, तो मॉनिटर. त्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. बाकी सगळं काम कानाचं आहे. प्रेक्षकाला माझी आठवण झाली नाही, तर दिवस चांगला गेला असं समजायचं.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची भेटतात. एका पबच्या मालकाने आम्हाला हळू वाजवायला सांगितलं, कारण टीव्हीवर रग्बीची मॅच चालू होती आणि कॉमेंटरी ऐकू येत नव्हती. मी विचारलं, मग बँड कशाला बोलावलात. तो म्हणाला, मॅच लवकर संपेल असं वाटलं होतं. एका लग्नात नवरीच्या काकांनी नेरिसच्या हातातून माईक घेतला आणि तीन गाणी म्हटली. नवरीच्या आईने लांबूनच माझ्याकडे बघून बोटाने गळ्यावर रेघ ओढली. मी काकांचा फेडर इतका हळूहळू खाली आणला की आपण अजून गातोय असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. शेवटी त्यांनी मला येऊन मिठी मारली.

एकदा दिवाळीच्या कार्यक्रमाला मी वेट कोट्सना मेडनहेडला नेलं. मनात धाकधूक होती. आमच्या बँडमध्ये गॅरेथ नावाचे साठीचे गृहस्थ पेडल स्टील वाजवतात. हे वाद्य टेबलासारखं आडवं असतं, तारांवरून लोखंडी दांडी फिरवायची आणि पायाने पट्ट्या दाबायच्या. सूर एकातून दुसऱ्यात ओघळत जातात. पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या जुन्या सिनेमातली गिटार." त्यानंतर सभागृह आमचं झालं. गॅरेथ तीस वर्षं पोस्टमन होते आणि दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सहा चकल्या खाल्ल्या आणि अकरावा-बारावा शब्द बोलले: पुन्हा कधी?

हे सगळं बरं चाललेलं असताना नेरिसचा आवाज गेला.

एकदम गेला नाही. आधी सकाळी घसा खरखरायचा, मग कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात सूर तुटायला लागला. शेवटच्या बसचं जे गाणं आहे, त्यात शेवटी एक लांब हाक आहे. डोंगराच्या टोकावरून कुणी बस थांबवायला ओरडावं तशी. लोक त्या हाकेसाठी यायचे. ती हाक एके दिवशी आलीच नाही, नुसता वारा आला. हॉस्पिटलमध्ये सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आहेत, काढाव्या लागतील. ऑपरेशन नीट झालं. पण नंतर तिला स्पष्ट बजावलं गेलं की बोलणं बरं होईल, गाणं किती परत येईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि ती वरची हाक तर विसरलेलीच बरी.

तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. लायब्ररीतल्या तिच्या जुन्या साहेबांनी निरोप पाठवला होता की जागा रिकामी होतेय, हवी असेल तर कळव. तिने त्यांच्याकडे ऑक्टोबर अखेरपर्यंतचा वेळ मागून घेतला.

ऑपरेशननंतर काही आठवडे तिला अजिबात बोलायचं नव्हतं, कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्याने गळ्याला जास्त ताण पडतो, हे मला सुवर्णाने सांगितलं. नेरिसने माझी पांढरी चिकटपट्टी पळवली. तिच्यावर लिहायची, दाताने तोडायची आणि ज्याला सांगायचं त्याच्या अंगावर चिकटवायची. आमचा ड्रमर ल्यूक तरुण आणि जोरकस. त्याच्या पाठीवर एकदा दिवसभर 'हळू' चिकटलेलं होतं. गॅरेथच्या बाहीवर तिने लावलं, 'आता तरी तुम्ही बोला.' माझ्या कपाळावर एक दिवस लावलं, 'काळजी करू नकोस.' काळजी कोण करत होतं ते उघड होतं.

आवाज परत आला तो वेगळाच होता. खालचा, थोडा जाडसर, आत ओल असल्यासारखा. मला तो सुंदर वाटला, तिला परका वाटत होता. तालमीत ल्यूक आणि बाकीचे जुन्या सवयीने वाजवायचे आणि ती त्यांच्या खाली बुडून जायची. मग वर येण्यासाठी जोर लावायची आणि सूर फाटायचा. ती गाणं अर्धवट सोडून पाणी प्यायला जायची. आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहायचो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, कार्डिफमधल्या एका जुन्या चॅपेलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला. पूर्वी तिथे प्रार्थना व्हायची, आता गाणी होतात. नेरिस माझ्या व्हॅनमध्ये बसून म्हणाली, "डिग, मी त्या दिवशी तासभर गाऊ शकले तर गाईन. नाही तर सोमवारी लायब्ररीत फोन करेन. कुणाला सांगू नकोस."

माझं नाव दिगंबर. इथे त्याचं डिग झालं आहे.

मी तिला म्हणालो, "तू खाली गा. हाकसुद्धा खालीच म्हण. वर न्यायचं काम माझं. फेडर आहे कशाला?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "वचन?"

"वचन," मी म्हणालो.

हे बोलणं झालं त्या आठवड्यात आण्णांशी बोलताना मी पहिल्यांदा कामाचा विषय काढला. हवामान सांगून झालं होतं. एका बाईचा गळा बसलाय आणि मोठा कार्यक्रम आहे, एवढंच म्हणालो. मग ते म्हणाले, "सप्त्यात एका महाराजांचा गळा असाच बसला होता. लोक म्हणायले, आण्णा, वाढवा. वाढवून काय होतंय? बसलेला गळाच मोठा ऐकू येतो. मी पखवाजाचा माईक बंद केला आणि टाळकऱ्यांना हातानं खाली बसवलं. बाकीच्याला खाली बसव, दिगू."

मी म्हणालो, "आण्णा, आता मशिनी वेगळ्या आल्यात."

"मशिनी वेगळ्या असतील," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधी दसरा आला. आण्णा दसऱ्याला ओसरीवर चादर अंथरून सगळं सामान मांडायचे. अ‍ॅम्प्लिफायर, माईक, पक्कड, सोल्डरिंगची कांडी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. त्या दिवशी कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी कर्णा हलायचा नाही. मीही दरवर्षी गॅरेजमध्ये पूजा करतो. मिक्सरवर पातळ फडकं टाकायचं आणि फडक्यावर फूल ठेवायचं, ही माझी पद्धत. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाला एवढं कळतं.

त्या वर्षी नेरिस जेवायला आली होती. गॅरेजमध्ये येऊन तिने विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं की आज अवजारांना विश्रांती, त्यांचे आभार मानायचे. ती म्हणाली, "माझ्या बाबांनी तीस वर्षं बस चालवली. बसचे आभार कधी मानले नाहीत." मग म्हणाली, "मी पण मानू?"

माझं मन भरून आलं आणि डोकं काम करेनासं झालं. मी मिक्सरवरचं फडकं काढलं. तिला खरा मिक्सर दिसावा, फडक्याची कसली पूजा करायची, असं वाटलं. कुंकवात भिजवलेल्या तांदळाची वाटी तिच्या हातात दिली आणि वाहा म्हणालो. आता इकडे तांदूळ माहीत आहे तो लग्नातला. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या नवरानवरीवर लोक मूठ भरून उधळतात. नेरिसने मूठ भरली आणि उधळली.

सुवर्णा दारातूनच मराठीत म्हणाली, "अगं बाई, दोन दाणे पुरे होते."

नेरिसला वाटलं, कमी पडले. तिने आणखी एक मूठ उधळली.

जेवणं झाल्यावर मी व्हॅक्यूम क्लीनरने मिक्सर साफ केला. प्रत्येक फेडर दहादा वरखाली करून पाहिला. सगळे लोण्यासारखे सरकत होते. देवाने प्रसाद ठेवून घेतला नाही, अशा समाधानात झोपलो.

रविवारी चॅपेल भरलं. बाहेर पाऊस होता, लोक ओले कोट अंगावर घेऊनच लाकडी बाकांवर बसले होते. पहिली तीन गाणी ठीक गेली. नेरिस खाली गात होती, मी तिला थोडं थोडं वर नेत होतो. चौथ्या गाण्याला ल्यूक रंगात आला. पाचव्याला तिचा आवाज एकदा चिरला. सहावं संपल्यावर तिने पाणी प्यायलं आणि माझ्याकडे पाहिलं. अर्धा तास झाला होता. पुढचं गाणं शेवटच्या बसचं.

ती सुरुवातीपासूनच खाली बुडत होती. मी तिचा फेडर वर सरकवला. तो निम्म्यावर जाऊन थांबला.

मी पुन्हा जोर लावला. आतून बारीक कर्र असा आवाज आला आणि फेडर तिथेच. आधीच्या गाण्यांत मी अजून तिथपर्यंत पोचलोच नव्हतो, म्हणून कळलं नव्हतं. दुसरा एक उपाय होता. माईकची मूळ ताकद वाढवण्याचं वेगळं बटण असतं, ते फिरवलं. पण त्याने तिच्या पायाशी असलेला मॉनिटरही मोठा होतो. तीच जुनी शिट्टी उठू लागली आणि नेरिस दचकली. मी बटण तसंच मागे आणलं. दुसऱ्या फेडरवर तार लावायची तर गाणं चालू असताना तिचा माईक बंद पडला असता. समोर ती वर येण्यासाठी जोर लावायला लागलेली मला दिसत होती. मानेची शीर उभी राहिली होती. हाकेला एक कडवं उरलं होतं, आणि सोमवार त्याच्यापुढे होता.

शहाणपण सुचलं असं मी म्हणणार नाही. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. मी बाकीचे सगळे फेडर खाली ओढले. बास गिटार खाली, स्टील खाली, ड्रमचे माईक जवळजवळ बंद. त्यांच्या मॉनिटरमधलेही आवाज काढून घेतले. ल्यूकने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तळहात खाली करून हवा दाबली, जशी आण्णा टाळकऱ्यांसमोर दाबत असावेत. ल्यूकने काठ्या ठेवल्या आणि तारांचे मऊ ब्रश उचलले. गॅरेथ नेरिसकडे बघत होते. त्यांनी दांडी तारांवरून उचलली आणि मांडीवर ठेवली.

चॅपेलमध्ये नेरिस एकटी उरली. तिला ते कळलं. एक क्षण ती घाबरली, मला लांबून दिसलं. मग तिची मान सैल पडली. तिने ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली आणि हाकेवर आली. ती हाक तिने वर नेलीच नाही. खाली सोडली, आणखी खाली, जशी शेवटची बस निघून गेल्यावर माणूस ओरडत नाही, स्वतःशीच म्हणतो. चारशे माणसं पुढे वाकली. एवढी शांतता होती की कोपऱ्यातल्या कुणाच्या तरी कोटावरून फरशीवर पाणी टपकलेलं मी ऐकलं.

त्यानंतर तिने आणखी पाच गाणी म्हटली. सगळा बँड तिच्या खाली, हलक्या पावलांनी चालत होता. तास उलटून दहा मिनिटं झाली.

कार्यक्रम संपल्यावर ती थेट माझ्याकडे आली. डोळे ओले होते. म्हणाली, "तू मला वर नेलं नाहीस. ठरवून नेलं नाहीस ना? मी एवढ्याशा आवाजात गाऊ शकते हे तुला माहीत होतं." आणि माझा हात धरून राहिली.

मी म्हणालो, "हो."

आयुष्यात मी मोठं खोटं बोललो असेन तर ते हे. घरी आलो. सुवर्णाला सांगितलं तर ती म्हणाली, "तिचं ऑपरेशन झालं, बोलता तुला येत नाही होय? उद्या सांग."

सोमवारी सकाळी नेरिसला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिक्सर ठेवला आणि सगळं सांगितलं. फेडर अडकला होता, मी घाबरलो होतो, ठरवून काही केलं नव्हतं, आणि वचन मोडलं होतं. मी स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला. तिच्या फेडरच्या खाचेत, बरोबर निम्म्यावर, कुंकवाने लाल झालेले दोन तांदूळ एकमेकांना चिकटून वाळले होते. व्हॅनच्या धक्क्यांनी कुठून तरी सरकत तिथे आले असावेत.

नेरिसने खाली वाकून पाहिलं. "यातला माझा कुठला?"

"दोन्ही तुझेच," सुवर्णा चहा ठेवता ठेवता म्हणाली. "याने एकही टाकला नव्हता."

नेरिस हसायला लागली. तिचं नवं हसूसुद्धा खालच्या पट्टीतलं आहे. मग ते थांबलं. मला वाटलं, आता रागावेल. ती म्हणाली, "म्हणजे मला कुणी सांभाळून घेत नव्हतं. ते मी गायले."

"तूच गायलीस."

"मग हे जास्त चांगलं आहे," ती म्हणाली. चहा पिऊन झाल्यावर तिने लायब्ररीत फोन केला आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या असं सांगितलं.

फेडर मी दुरुस्त केला. तो आता वरपर्यंत जातो. पण तांदूळ जिथे अडकले होते तिथे नेरिसने पांढरी पट्टी लावून पेनाने रेघ मारली आहे. त्या रेघेच्या वर तिला न्यायचं नाही. वेट कोट्सचा त्यानंतरचा सगळा अल्बम त्याच उंचीवर झाला. जुन्या हाकेसाठी येणारे काही लोक आता येत नाहीत. कधी कधी मलाही ती आठवते, आणि माझ्याकडे तिचं एकही धड रेकॉर्डिंग नाही याचं वाईट वाटतं. पण जे येतात ते पुढे वाकून ऐकतात. दसऱ्याला नेरिस येते. तिला मोजून दोन दाणे मिळतात, तेही फडक्यावरून.

या मे महिन्यात आई आणि आण्णा कार्डिफला आले. आण्णा आता शहात्तर वर्षांचे. एरवी मला तू म्हणणारी सुवर्णा त्यांच्यासमोर अहो म्हणू लागली आणि मी घरात पाहुणा झालो. त्याच चॅपेलमध्ये आमचा दुपारचा कार्यक्रम होता. सुवर्णा म्हणाली, "आण्णा, यांचं काम बघायला चला." ते स्वेटर, मफलर आणि टोपी घालून आले. मी त्यांना मिक्सरमागे माझ्या शेजारी खुर्ची दिली. त्यांनी पट्टीवरची देवनागरी नावं एकेक करून वाचली: नेरिस, स्टील, बास, ड्रम. गॅरेथनी पहिला सूर लावला तेव्हा आण्णांची मान किंचित हलली. लग्नात वाजवायच्या त्यांच्या रेकॉर्डींत ही गिटार होती.

शेवटच्या बसचं गाणं आलं. ल्यूक आता पुष्कळ शहाणा झाला आहे, पण त्या दिवशी त्याची मैत्रीण पहिल्या बाकावर होती. त्याचा हात जड पडायला लागला. नेरिसचा आवाज कडेने झाकला जाऊ लागला होता. मी हात पुढे करणार तेवढ्यात शेजारून एक सुरकुतलेला, नखांत सोल्डरचे जुने डाग असलेला हात पुढे आला. आण्णांना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी मला विचारलं नाही. 'ड्रम' लिहिलेल्या फेडरवर एक बोट ठेवलं आणि तो केसभर खाली घेतला.

नेरिसने स्टेजवरून आमच्याकडे पाहिलं आणि हाक खाली सोडली.

आण्णांनी बोट उचललं नाही. मी माझे दोन्ही हात खिशात घातले.